आफ्रिकेची धूळ, युरोपची सुट्टी

लोस क्रिस्तियानोसच्या धक्क्यावर संध्याकाळी म्हातारी माणसं बाकांवर येऊन बसतात आणि समोरच्या बेटाकडे तोंड करून गप्पा मारतात. समोरचं बेट म्हणजे ला गोमेरा. मध्ये तीसेक किलोमीटर समुद्र. हवा स्वच्छ असली की त्या बेटाच्या घळी एकेक करून मोजता येतात. आम्ही तेनेरिफेला पोचलो त्या संध्याकाळी हे सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीचं दार उघडलं, तर समुद्र होता तो बंदराच्या भिंतीपुरता. त्यापलीकडे फिकट तांबूस पडदा. बेट नाही, क्षितिज नाही, सूर्याच्या जागी एक पांढुरका ठिपका, ज्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं. गच्चीतल्या खुर्चीवर बोट फिरवलं तर बोटाला वस्त्रगाळ मुलतानी मातीसारखी भुकटी लागली.

"कालिमा," खालच्या अंगणातून घरमालकीण म्हणाली. आपल्याकडे वीज गेल्यावर शेजारी ज्या सुरात "गेली वाटतं" म्हणतात, तोच सूर.

माझी मुलगी माद्रिदमध्ये नोकरी करते. फेब्रुवारीच्या थंडीतून आजीला उबेत आणायचं म्हणून तिनं ही सहल आखली होती. आखली म्हणजे तक्ताच केला होता: सकाळी बोटीतून पायलट व्हेल बघायचे, मग गोमेराला जाऊन शिट्टीची भाषा ऐकायची, मग तेइदेच्या शिखराकडे जाणारा पाळणा, रात्री डोंगरावर तारे. तेनेरिफेची जाहिरात करणारे जे जे दाखवतात ते सगळं त्यात होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला एकच वस्तू लागत होती, ती म्हणजे स्वच्छ हवा. मुलगी फोनवर हवेतल्या कणांचे आकडे बघत बसली. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या धूलिकणांसाठी दिवसाची मर्यादा घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम घातलेली आहे. आकडा त्याच्या कितीतरी पट वर होता आणि चढतच होता. "आई, आपलं सगळंच गेलं गं," ती म्हणाली. सासूबाई तोवर पदर नाकावरून घेऊन खिडक्या लावायला लागल्या होत्या.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला या प्रकारात वाईट वाटण्याऐवजी जरा उत्साहच आला, हे कबूल केलं पाहिजे. कॅनरी बेटं कागदोपत्री स्पेनची, म्हणजे युरोपची. नकाशात मात्र ती आफ्रिकेच्या कुशीत आहेत. तेनेरिफेपासून आफ्रिकेचा किनारा तीनेकशे किलोमीटर, आणि फ्वेर्तेव्हेन्तुरा या पूर्वेकडच्या बेटापासून तर शंभरच्या आसपास. माद्रिद सतराशे किलोमीटरच्या पुढे. अक्षांश जवळपास दिल्लीचा. अशा ठिकाणी वर्षभर वसंत ऋतू नांदतो तो केवळ ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांमुळे. ते थंड समुद्रावरून येतात, डोंगराच्या उत्तर अंगाला ढग लावून ठेवतात आणि शेजारच्या सहाराला दूर ठेवतात. हिवाळ्यात कधीकधी वायव्य आफ्रिकेवर हवेचा दाब चढतो, बेटांच्या बाजूला कमी होतो, आणि मग वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून सुटतो. सहारा हजर होतो. हीच कालिमा. पारा चढतो, हवेतला ओलावा नाहीसा होतो, ओठ फुटतात. एखाद-दोन दिवस चालतं, कधी आठवडाभर.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिनं वर येऊन आम्हाला दाखवलं की दारांच्या फटींना ओले टॉवेल गुंडाळून लावायचे. सासूबाईंनी तिला दाखवलं की नुसता टॉवेल नको, पडदाच भिजवून टांगायचा. सासूबाई माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. धूळ, वारा आणि पाण्याची ओरड यांत त्यांचं बालपण गेलेलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण अर्ध्या तासात त्यांनी मिळून घर बंद केलं, आणि मग घरमालकिणीनं मुलीला सांगितलं की तुमची आजी समजूतदार आहे, पर्यटकांसारखी नाही.

पर्यटकांसारखी म्हणजे कशी, ते खाली किनाऱ्यावर दिसलं. स्थानिक माणूस कोणी पळत नव्हता, कोणी पोहत नव्हता, शाळेची मुलंही रस्त्यावर खेळत नव्हती. आणि त्या तांबूस उजेडात उत्तर युरोपातून आलेली मंडळी ओळीनं आरामखुर्च्यांवर पडलेली होती. सूर्य दिसत नव्हता तरी त्याच्या दिशेनं तोंड करून. एक गृहस्थ पुस्तकावरची धूळ फुंकून पान उलटत होते. मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही. वर्षभर ढगाखाली राहायचं, पैसे साठवायचे आणि मोजून मिळालेल्या रजेत वर आकाशानं दगा द्यायचा, हे सोपं नाही. आपण महाबळेश्वरला जाऊन धुक्यात काही दिसलं नाही तरी कणीस खाऊन, स्ट्रॉबेरी घेऊन आनंदात परततो, कारण आपण मुळात बघायला जातच नाही, सगळ्यांबरोबर असायला जातो. यांची सुट्टी म्हणजे ऊन विकत घेण्याचा व्यवहार. माल आला नाही की चिडचिड होणारच.

धक्क्याजवळच्या एका साध्या खानावळीत आम्ही दुपार काढली. इथले बटाटे बघायला छोटे, खायला दमदार. सालीसकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडतात, पाणी आटलं की सालीवर मिठाचा पांढरा थर चढतो आणि साल सुरकुतते. नावही सुरकुतलेले बटाटे असंच, पापास अरुगादास. सोबत दोन वाट्या मोहो. लाल मोहोत सुकी मिरची, लसूण, जिरं, तेल आणि व्हिनेगर. हिरव्यात कोथिंबीर. सासूबाईंनी लाल वाटीत बटाटा बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लसणाची चटणीच की. जरा आंबट केलीय, एवढंच." त्यानंतर परदेशात खायचं काय हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा निघाला नाही.

बंदरात नारिंगी रंगाची बचाव नौका उभी होती. धुळीत तेवढाच एक रंग ठळक. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा मासेमार मुलीशी बोलायला लागला. तो म्हणाला, अशा हवेत बाहेर लाकडी होडी असेल तर कोणाला दिसणार? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उघड्या होड्यांत बसून माणसं या बेटांकडे निघतात. २०२४ साली अशी शेहेचाळीस हजारांहून अधिक माणसं इथं उतरली. किती वाटेत राहिली त्याचा हिशोब समुद्राकडे. त्याच वर्षी पर्यटक आले पावणेदोन कोटींच्या आसपास. या दोन्ही गर्दींची बंदरं कधीकधी एकच असतात. म्हाताऱ्याला मी विचारलं, पर्यटकांचं नुकसान होतं का कालिमानं? त्यानं खांदे उडवले. "त्यांना पैसे परत मिळतात," तो म्हणाला.

आपण नकाशातून एखादं बेट कापून काढतो, निळ्या कागदावर चिकटवतो आणि त्याची जाहिरात करतो. शेजारी कोण आहे ते त्यात येत नाही. धूळ येते तेव्हा शेजारी कोण आहे ते घरात येऊन सांगते. मला हे बेट त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, आणि दिसायला समोरचं काहीच नव्हतं.

दक्षिणेत बसून राहण्यात अर्थ नव्हता. मुलीनं तक्ता मिटला आणि आम्ही सांता क्रूसकडे निघालो. इथं बसला ग्वाग्वा म्हणतात, आणि ग्वाग्वातली माणसं बसल्याबरोबर चालकाला नमस्कार-चमत्कार करतात, उतरताना आभार मानतात. आपल्या एसटीत कंडक्टरशी संवाद सुट्ट्या पैशांपलीकडे गेला तर भांडणाकडेच जातो. रस्ता समुद्राच्या कडेनं. डावीकडे उजाड उतार, ज्वालामुखीच्या राखेचे आणि लाव्हाच्या ढेकळांचे, त्यात निवडुंगासारखी झुडपं, मधूनच कापडाखाली झाकलेल्या केळीच्या बागा. आम्ही सह्याद्रीची माणसं, काळा बेसॉल्ट आम्हाला घरचा. पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, पावसानं चेपून गवत घातलेला. इथला कालपरवाचा, अजून धार न गेलेला. एल मेदानोजवळ एक लाल टेकडी समुद्रात उतरते. त्या दिवशी लाल टेकडी लाल हवेत विरघळली होती, पायथ्याशी एकटाच एक पतंगवाला फळीवर उभा राहून लाटांवर उड्या मारत होता. वारा त्याच्या फायद्याचा होता. कालिमानं ज्याचा बेत सुधारला असा तो एकच माणूस मला भेटला.

सांता क्रूसला कार्निव्हल होता. गोव्याचा कार्निव्हल पाहिलेल्याला वाटतं की आपल्याला हे ठाऊक आहे. ठाऊक असतं ते फक्त रंग. इथला जीव मुर्गांमध्ये आहे. मुर्गा म्हणजे विदूषकी कपडे घातलेले गायकांचे ताफे. ते वर्षभर नगरपालिकेनं काय घोळ घातले, कोणत्या पुढाऱ्यानं काय शब्द मोडला, घरभाडी कशी वाढली, हे कोरसमध्ये गाऊन सांगतात, आणि पुढाऱ्यांना ते समोर बसून ऐकावं लागतं. फ्रँकोच्या राजवटीत कार्निव्हलवर बंदी होती. १९६१ पासून लोकांनी तो 'हिवाळी उत्सव' अशा सोज्वळ नावाखाली चालवला. शिमग्याला नावं ठेवणाऱ्या आपल्या सुधारकांनी हे ऐकायला हवं होतं.

त्या संध्याकाळी चौकात अर्ध्या लोकांच्या चेहऱ्यावर सोंगाचा मुखवटा आणि त्याच्याखाली डॉक्टरी मास्क. पिसांच्या किरीटावर तांबूस पूड बसलेली. ढोल वाजवणारा एक ताफा दोन गाण्यांच्या मध्ये थांबून बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत होता. गर्दीतल्या बायका आम्हाला २०२० ची गोष्ट सांगत होत्या. त्या वर्षी २२ आणि २३ फेब्रुवारीला ऐन कार्निव्हलात अशी कालिमा आली की बेटांवरचे विमानतळ बंद करावे लागले. हवेतल्या कणांचे आकडे हजारांत गेले, भर दुपारी दिवे लावावे लागले, हजारो प्रवासी बाकांवर झोपले. आणि धूळ बसते न बसते तोच दक्षिणेतलं एक हॉटेल पाहुण्यांसकट बंद केलं गेलं, कारण तिथं करोनाचा रुग्ण निघाला. "आम्ही तेव्हा म्हणालो, एवढं वाईट पुन्हा काही व्हायचं नाही," एक बाई म्हणाली आणि खो खो हसली. तिनं मधमाशीचा वेश केला होता.

विमानतळांचा विषय इथं हलका नाही. उत्तरेचा लोस रोदेओस विमानतळ ढगाच्या पट्ट्यात बांधलेला. २७ मार्च १९७७ ला धुक्यात तिथं दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी दुसरीकडे गेलेले नाहीत. पुढच्याच वर्षी दक्षिणेत, समुद्रसपाटीजवळ, धुकं न येणाऱ्या जागी नवा विमानतळ सुरू झाला. धुक्यापासून ती जागा सुटली. धुळीचा इलाज अजून कोणाला सापडलेला नाही.

मुख्य पेठेत एका दुकानात मी सासूबाईंसाठी टोपी बघत होते. गल्ल्यामागचे गृहस्थ आमचं बोलणं ऐकून एकदम म्हणाले, "काय ताई, पुण्याच्या का?" सिंधी. आजोबा हैदराबाद सिंधहून आलेले, आजोळ फाळणीनंतर उल्हासनगरात, त्यामुळे लहानपणीच्या सुट्ट्यांतलं मराठी अजून जिभेवर. १८५२ मध्ये स्पेननं ही बेटं मुक्त बंदरं केली, जकात जवळजवळ नाहीशी झाली, आणि मग जगभर पसरलेले सिंधी व्यापारी इथंही आले. रेशीम, मग घड्याळं, मग कॅमेरे आणि रेडिओ. आता अत्तरं आणि पर्यटकांच्या टोप्या. कालिमाचं विचारल्यावर त्यांनी दुकानाच्या काचेवरून फडकं फिरवलं. "कॅमेऱ्यांचा धंदा होता तेव्हा वडील कालिमा आली की कपाटांना चिकटपट्टी लावायचे. आता तर घासाघीस करायलाही कोणी येत नाही. दोन दिवस हिशोब लिहायचे, झालं." त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, टोपीचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

शहराबाहेर लास तेरेसितास नावाचा किनारा आहे. तेनेरिफेची मूळ वाळू काळी, ज्वालामुखीची. पर्यटकाला काळी वाळू आवडत नाही, त्याला पोस्टकार्डातली सोनेरी लागते. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहाराच्या तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या भागातून जहाजं भरभरून वाळू आणली आणि इथं पसरली. १९७३ मध्ये हा किनारा लोकांसाठी खुला झाला. मी त्या सोनेरी वाळूवर उभी होते आणि वरून तांबूस धूळ पडत होती. पायाखालची पैसे मोजून आणलेली, डोक्यावरची फुकट आलेली. दोन्हींचं माहेर एक. पहिलीला बेटाची शोभा म्हणतात आणि दुसरीसाठी सरकार धोक्याचा इशारा काढतं. शेजारून तिसरं कोणी आलं तर त्याला काय म्हणतात ते बंदरावर पाहिलंच होतं.

ला लागूना हे जुनं राजधानीचं गाव साडेपाचशे मीटर उंचीवर. एरवी इथं ढग रस्त्यावर उतरतात आणि माणसं स्वेटर घालून हिंडतात. त्या रात्री दहा वाजता उकडत होतं, आणि विद्यापीठाची मुलं अर्ध्या बाह्यांत चौकात बसली होती. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, लाकडी सज्जे, आतल्या अंगणात कारंजं. तटबंदी नसलेलं असं आखीव गाव अमेरिकेतल्या स्पॅनिश शहरांना नमुना ठरलं, म्हणून १९९९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्हाला तिथं खिळवलं ते मात्र वासानं. मका भाजल्याचा वास. एका गिरणीत गोफिओ दळत होते.

गोफिओ म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. स्पॅनिश लोक यायच्या आधी या बेटांवर जे ग्वान्चे राहत होते, त्यांचं ते मुख्य अन्न. पूर्वी सातूचं, नंतर अमेरिकेहून मका आला तेव्हा मक्याचं. सासूबाईंनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि गिरणीवाल्याकडे असं बघितलं की जणू त्यानं त्यांचीच पाककृती चोरली. आमच्याकडे सातूचं पीठ दूध-गुळात कालवतात, इथं दूध आणि मधात. खोलीवर येऊन त्यांनी वाटीभर कालवलं. धुळीमुळे बाहेर जायचं नव्हतंच. पुढचा दिवसभर आम्ही खिडक्या लावून गोफिओ खाल्लं आणि घरमालकिणीच्या बहिणीकडून, जिच्याकडे आम्ही ला लागूनात उतरलो होतो, बाराकीतो नावाची कॉफी शिकलो: खाली आटवलेलं गोड दूध, वर कॉफी, लिंबाची साल, दालचिनी, आणि आजीच्या पेल्यात न घातलेली मद्याची धार. सहलीतला सगळ्यात जास्त हसण्यात गेलेला दिवस तोच.

तेनेरिफेवर येऊन बेत फसलेल्यांत आम्ही बऱ्या संगतीत होतो. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट १७९९ च्या जूनमध्ये इथं उतरला आणि तेइदेवर चढून गेला. त्याचं वर्णन वाचून तरुण चार्ल्स डार्विन असा वेडा झाला की तेनेरिफेला जायचं म्हणून त्यानं स्पॅनिश शिकायला घेतलं. ६ जानेवारी १८३२ ला 'बीगल' जहाज सांता क्रूससमोर पोचलं. इंग्लंडात कॉलऱ्याची साथ होती, म्हणून बंदरानं बारा दिवस विलगीकरणात थांबायला सांगितलं. कप्तान थांबायला तयार नव्हता. जहाज वळलं आणि डार्विननं तेइदे दुरूनच पाहिला. दहा दिवसांनी केप व्हर्दे बेटांजवळ जहाजावर तांबूस धूळ पडली. डार्विननं ती गोळा केली, पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतली आणि १८४६ मध्ये अटलांटिकवर जहाजांवर पडणाऱ्या या धुळीबद्दल निबंध प्रसिद्ध केला. ज्या बेटावर पाय ठेवायला मिळाला नाही त्याची भरपाई त्यानं या धुळीनं करून घेतली, असं मी मुलीला म्हटलं. ती म्हणाली, "आई, मला निबंध नकोय, तेइदे हवाय."

तेइदे मिळाला, पण जाहिरातीतला नव्हे. ला लागूनाहून एक रस्ता पाइनच्या जंगलातून बेटाच्या कण्यावर चढतो. घरमालकिणीच्या बहिणीच्या मुलानं गाडी काढली. तो म्हणाला, हिवाळ्याची कालिमा बऱ्याचदा खालून जाते, वर जाऊन तर बघू. वाटेत काळे झालेले बुंधे, २०२३ च्या ऑगस्टमधल्या मोठ्या वणव्यातले. कॅनरी पाइनचं वैशिष्ट्य असं की तो जळतो आणि जळलेल्या खोडातूनच पुन्हा फुटतो. काळ्या खोडांना हिरव्या ब्रशासारखे कोंब आले होते. हजार मीटर, दीड हजार, अजून सगळं तांबूसच. मग एका वळणावर रंग एकदम बदलला. वर आकाश धुतल्यासारखं निळं आणि त्यात तेइदेचा शंकू, ३७१५ मीटर, माथ्याला बर्फाची रेघ.

एरवी या रस्त्यावरून खाली पांढऱ्या ढगांचा समुद्र दिसतो. त्या दिवशी खाली धुळीचा समुद्र होता. सपाट, फिकट तपकिरी, पार क्षितिजापर्यंत, आणि पूर्वेकडून तो अजून भरत येत होता. ग्रान कनारिया या शेजारच्या बेटाचं टोक त्यातून बाहेर. कड्यावर इझान्याची पांढरी वेधशाळा, १९१६ पासून हवेची नोंद ठेवणारी; सहाराच्या धुळीवर जगात जिथं बारीक लक्ष ठेवतात त्यातली ही एक जागा. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. तेव्हा धूळ उंचावरून येते, वेधशाळा तिच्यात बुडते आणि खाली किनाऱ्यावर मात्र ढगाची गार सावली असते. वाऱ्यामुळे पाळणा बंद होता. सासूबाई गाडीतून उतरल्या, दोन्ही समुद्र, खरा आणि मातीचा, बघून घेतला आणि म्हणाल्या, "एवढी माती जाते कुठं?"

ती अटलांटिक ओलांडून जाते. २०१५ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या नोंदींवरून हिशोब मांडला की सहाराची धूळ दरवर्षी सुमारे बावीस हजार टन फॉस्फरस अॅमेझॉनच्या जंगलावर टाकते. पावसानं वाहून जाणाऱ्या खताची ती साधारण भरपाई. चाडमधल्या वाळलेल्या तळ्याचा गाळ ब्राझीलच्या झाडांच्या मुळाशी. वाटेतल्या या बेटांनाही काही उरतं. इथला खडक बेसॉल्ट, त्यात क्वार्ट्झ नसतोच. तरी इथल्या मातीत क्वार्ट्झचे कण सापडतात, ते सगळे आफ्रिकेहून उडत आलेले. म्हणजे हे बटाटे, ही केळी ज्या मातीत येतात तिच्यात वाळवंटाचा वाटा आहे. घरमालकिणीच्या भाच्याला मी हे सांगितलं. त्याला माहीत होतं. "म्हणूनच आम्ही शिव्या देतो पण मनापासून नाही," तो म्हणाला.

सासूबाईंना २०२२ चा जानेवारी आठवला. पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून तेव्हा मुंबई-पुण्यापर्यंत आलं होतं, २३ आणि २४ तारखेला गाड्यांवर पांढरी पूड बसली आणि भर दिवसा गारठा पडला. आमच्या सोसायटीत त्यावर दिवसभर तर्क चालले होते, कोणी कारखान्याला दोष दिला, कोणी मेट्रोच्या कामाला. इथं कोणी तर्क करत नाही. धुळीला नाव आहे, तिची दिशा ठाऊक आहे, इशाऱ्याचे पिवळा, नारिंगी, लाल असे रंग ठरलेले आहेत. म्हाताऱ्यांनी काय करायचं, शाळांनी खेळाचा तास कधी रद्द करायचा, ते माहीत आहे. संकटाशी इतकी जुनी ओळख असली की त्याचा बाऊ होत नाही आणि हेळसांडही होत नाही. आपल्याकडे दोन्ही होतं.

वारा फिरला तो रात्रीत. पहाटे थोडा पाऊस झाला, तो चिखलाचा; दोरीवर विसरलेल्या चादरीवर तांबडे शिंतोडे. सकाळी सगळं गाव नळ्या घेऊन बाहेर. गाड्या, पायऱ्या, सज्जे, कुंड्यांतल्या झाडांची पानं धुतली जात होती, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला तेच सांगत होता की यंदाची कालिमा काहीच नाही, खरी ती २०२० ची. परतीच्या विमानात मुलीनं नवा तक्ता करायला घेतला. मी तिला म्हटलं, या वेळी त्यात रिकाम्या ओळी सोड.

तुम्ही जाणार असाल तर एवढं सांगते. डिसेंबर ते मार्चमध्ये कालिमा बहुधा खालच्या थरात येते, तेव्हा किनाऱ्यावर कुढत बसू नका, कोणाची तरी गाडी मिळवून डोंगरावर जा. उन्हाळ्यात बहुतेक वेळा उलट करा, खाली राहा. वर धूळ, ऊन आणि वणव्याचा धोका असतो. लाल इशारा असेल तर मुकाट्यानं घरात बसून गोफिओ खा. आणि दम्याचा पंप हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.